एसजीओटी, जीजीटी आणि बाबांची फाइल

"मॅडम, ड्रिंक्स?"

रक्त घ्यायला आलेला मुलगा माझ्या दंडाला रबरी पट्टा आवळता आवळता विचारत होता. सकाळचे पावणेसात. मी उपाशीपोटी, गॅसवर कुकरची दुसरी शिट्टी, आणि सोफ्यावर सासूबाई विष्णुसहस्रनाम पुटपुटत बसलेल्या. त्या मधेच थांबल्या. मी म्हटलं, "नाही." त्याने फॉर्मवर खूण केली आणि मान वर न करता पुढचं विचारलं, "ऑकेजनली?"

"कधीच नाही."

"बरं. मूठ वळा."

आम्ही दोघांनी टर्म इन्शुरन्स काढायचं ठरवलं होतं. मुलगा बारावीला, मुलुंडच्या या घराच्या कर्जाची अजून नऊ वर्षं बाकी, आणि माझं वय ४८, म्हणजे आधीच उशीर झालेला. विमा कंपनीने घरीच माणूस पाठवला. नवऱ्याचंही रक्त त्याच दिवशी गेलं. नवरा महिन्यातून एखाद्या शनिवारी मित्रांबरोबर 'बसतो'. त्याने फॉर्मवर तसं प्रामाणिकपणे लिहिलं.

महिन्याभराने निकाल आला. त्याची पॉलिसी जशीच्या तशी मंजूर. माझ्या प्रीमियमवर २५ टक्के लोडिंग, म्हणजे तेवढा जास्त हप्ता. लोडिंग हा शब्द तोवर मी फक्त टेम्पोच्या बाबतीत ऐकला होता. सोबत रिपोर्ट होते. जीजीटी, एसजीपीटी, एसजीओटी ही लिव्हरच्या तपासणीत मोजतात ती एन्झाइम. त्याचं जीजीटी २४, माझं ७८. लॅबने बायकांसाठी दिलेली वरची मर्यादा ३८. एसजीपीटी ५२, तेही रेषेच्या वर. एसजीओटी ३४, म्हणजे ठीक. बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फटेज जागच्या जागी.

जीजीटी वाढलं की पहिला संशय दारूवर, म्हणून दोन दिवस घरात थट्टा चालली. मुलगा म्हणाला, "आई, कपाटात काय लपवलंयस ते तरी सांग." सासूबाईंचं मत वेगळं होतं, रक्त न्यायला आलेल्या त्या मुलाने बाटल्यांची अदलाबदल केली असणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. म्हणून स्टेशनजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये पदरचे पैसे घालून पुन्हा तपासलं. ७६. म्हणजे रक्त माझंच होतं.

विमा कंपनीच्या कस्टमर केअरवर फोन केला. मुलगी गोड बोलली, तीनदा होल्डवर ठेवलं आणि शेवटी म्हणाली की हा अंडररायटिंगचा, म्हणजे धोका जोखून हप्ता ठरवणाऱ्या विभागाचा निर्णय आहे, त्याची कारणं त्यांच्याकडे येत नाहीत. मी विचारलं, "अहो पण विमा माझ्या जिवाचा आहे, लिव्हरचा नाही. लिव्हरचा आकडा थोडा वाढला म्हणून मी लवकर मरणार आहे का?" ती पुन्हा होल्डवर गेली.

रागात विचारलेला तो प्रश्न बरोबर होता, हे मला पुढच्या तीन महिन्यांत कळलं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे मी वीस वर्षं जाते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून रिपोर्ट पाहिला, म्हणाले, "जरा वाढलंय. होतं असं. तेलकट कमी करा." मग आवाज खाली आणून, "ताई, घरात काही टेन्शन वगैरे? कधी एकट्याने थोडी वाइन...?" मी उठून उभीच राहिले. माझ्या दोन्ही बाळंतपणांतल्या उलट्यांपासून सगळं माहीत असलेला माणूस हा. पण मी तोच विम्याचा प्रश्न त्यांना विचारला, तेव्हा त्यांनी उगाच काहीतरी ठोकून दिलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. म्हणाले, "हे मला नीट सांगता येणार नाही. एमडींना दाखवा."

घाटकोपरच्या एमडी बाई माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. त्यांनी पहिल्याच फोनवर सांगितलं, "जुने असतील तेवढे सगळे रिपोर्ट आणा. नवा एकटा नको." आमच्या लोअर परळच्या ऑफिसात दरवर्षी आरोग्य तपासणीचा कॅम्प लागतो. सकाळी रक्त, नंतर फुकटचा नाश्ता, पंधरा दिवसांनी ईमेल. ती ईमेल मी आजवर एकाच नजरेने पाहत आले होते, ठळक अक्षरात लाल काय आहे, एवढंच. बाईंनी रिपोर्ट टेबलावर तारखेप्रमाणे लावले आणि एका पाकिटाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने आकडे लिहीत गेल्या. २०१९ साली ३१. २०२१ मध्ये ४६. मग ५५, ६३, आणि आता ७८. दरवर्षी थोडं थोडं, सोसायटीच्या मेंटेनन्ससारखं. एसजीपीटी इतकी वर्षं मर्यादेत होतं, म्हणून शेवटच्या पानावर शेरा एकच, 'विशेष काही नाही'.

"दारू नाही, हे मी मानते," त्या म्हणाल्या. त्या एका वाक्यासाठी मला त्यांची फी द्यायला काहीच वाटलं नाही. मग बाकीची कारणं एकेक करून विचारली. फिट्सच्या गोळ्या? त्यातल्या काहींनी जीजीटी वाढतं. पित्ताशयात खडे? पित्ताची वाट अडली तरी वाढतं. काढे, गुळवेल, इम्युनिटीची चूर्णं? मी चमकले, कारण करोनाच्या काळात आमच्या घरी सकाळी सगळ्यांना गुळवेलीचा काढा असे. मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेलीनंतर लिव्हरला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, हे त्यांनी सांगितलं. पण माझा काढा बंद होऊन तीन वर्षं झाली होती आणि आकडे त्यानंतरही चढतच होते. तो संशयातून सुटला.

मग त्यांनी मेजरिंग टेप काढला. कंबर ९२ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८०, पुरुषांसाठी ९०. वजन ६४, उंची पाच फूट एक इंच, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २७. रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड २१२, चांगलं कोलेस्टेरॉल एचडीएल ३८, वाईट कोलेस्टेरॉल एलडीएल १३८, तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीएवनसी ६.०, ब्लडप्रेशर १३४/८६. म्हणजे एकही आकडा असा नाही की कुणी ॲम्ब्युलन्स बोलवावी, आणि एकही असा नाही की निर्धास्त झोपावं.

"विमा कंपनीला तुमच्या लिव्हरशी देणंघेणं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही किती वर्षं हप्ते भरणार, याच्याशी आहे. आणि त्यांचा हिशेब बहुतेक हार्टचा आहे."

हे मला आधी अजिबात पटलं नाही. लिव्हर उजवीकडे, हृदय डावीकडे, लिव्हरच्या तपासणीत हार्ट कुठून आलं? त्यांनी समजावलं आणि नंतर मीही रात्री बसून वाचलं. ऑस्ट्रियात फोरार्लबर्ग नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तिथे आरोग्य तपासणीला आलेल्या सुमारे १ लाख ६४ हजार माणसांचा जास्तीत जास्त १७ वर्षं मागोवा घेतला गेला आणि २००५ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांचं जीजीटी जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त, आणि हे बाकीच्या नेहमीच्या कारणांचा हिशेब वजा केल्यावरही. दोन वर्षांनी, २००७ साली, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या हृदयविकाराच्या प्रसिद्ध अभ्यासातूनही त्याच दिशेची गोष्ट पुढे आली.

का, याचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ आपल्या पेशींना ऑक्सिडेशनपासून वाचवतो. ऑक्सिडेशन म्हणजे कापलेलं सफरचंद काळं पडतं ना, त्यातला प्रकार. जीजीटी हे एन्झाइम पेशीबाहेरचं ग्लुटाथायोन मोडून त्याचे तुकडे पुन्हा पेशीत न्यायला मदत करतं. शरीरात ऑक्सिडेशनचा ताण वाढला की हे एन्झाइमही वाढतं. पण त्या मोडतोडीत जे तुकडे निघतात, ते लोहाच्या संगतीत उलट एलडीएलचं ऑक्सिडेशन वाढवू शकतात, आणि रक्तवाहिन्यांत जमणाऱ्या थरात हे एन्झाइम प्रत्यक्ष सापडलेलं आहे. शिवाय यकृतात चरबी साचली की जीजीटी आणि एसजीपीटी दोन्ही चढतात, आणि ती चरबी साचते त्याच मुळातून, इन्सुलिनला न जुमानणाऱ्या शरीरातून, ज्यातून पुढे डायबिटीस आणि हार्टचं दुखणं येतं.

इथे बाईंनी मला थांबवलंही. जीजीटी हा चोर आहे की चोर दिसला म्हणून भुंकणारा कुत्रा, हे ठरलेलं नाही. ते कमी करायची गोळी देऊन कुणाचा हार्ट अटॅक टळला, असं दाखवलेलं नाही. डॉक्टर लोक पुढच्या दहा वर्षांचा धोका मोजायला जी गणितं वापरतात, त्यात जीजीटीचा रकानाच नाही. "म्हणून मी तुमच्या ७८ ला औषध देणार नाही. पण कुत्रा पाच वर्षं भुंकतोय, तर दार उघडून बघायला नको?"

सोनोग्राफी झाली. पित्ताशय स्वच्छ, खडे नाहीत. फॅटी लिव्हर, ग्रेड २. सोनोग्राफीचे डॉक्टर जेली पुसायला टिश्यू देत म्हणाले, "हल्ली सगळ्यांनाच असतं." हे वाक्य मला त्या महिन्यात निदान सहा जणांनी ऐकवलं. लोकलमध्ये तिघांच्या बाकावरची चौथी सीट हल्ली सगळ्यांनाच मिळते, म्हणून कंबर दुखायची थांबते का?

या फॅटी लिव्हरच्या नावाचीही गंमत आहे. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दारू न पिणाऱ्यांचं लिव्हर दारू पिणाऱ्यांसारखं दिसतं, हे टिपून त्याला 'नॉन-अल्कोहोलिक' असं नाव दिलं. म्हणजे आजाराची ओळख काय, तर तो काय नाही ते. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून ते नाव बदललं आणि आता त्यात 'मेटाबॉलिक' हा शब्द आहे. मला तर हा अब्रू परत मिळाल्याचा कागद वाटला. पण त्याच भेटीत बाईंनी दुसरी गोष्ट सांगितली, ती ऐकून मी गप्प झाले. फॅटी लिव्हरची माणसं सर्वात जास्त कशाने दगावतात, तर लिव्हरने नव्हे, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने.

वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स यांचा एक छोटा हिशेब असतो, फिब-फोर. बाईंनी मोबाइलवर केला. ०.८७. १.३ च्या खाली असेल तर लिव्हर कडक झालेलं असण्याची शक्यता कमी. तेवढ्यावर थांबता आलं असतं, पण माझं समाधान होईना, म्हणून लिव्हरचा कडकपणा आणि चरबी मोजणारा फायब्रोस्कॅनही केला. तीन तास उपाशी, उजवा हात डोक्याखाली, आणि बरगड्यांच्या फटीत यंत्राच्या दहा-बारा टिचक्या. कॅरमची सोंगटी मारावी तशा. कडकपणा ५.१ किलोपास्कल, म्हणजे छान. चरबीचा आकडा २८१, म्हणजे भरपूर.

"वडिलांना काय झालं होतं?" हा प्रश्न खरं तर पहिल्या दिवशीच विचारला होता. मी म्हटलं होतं, हार्ट अटॅक, मी दहावीत होते. बाईंनी वय विचारलं. ५४. त्यांनी ते लिहून त्याभोवती गोल केला. वडील किंवा भाऊ ५५ च्या आत गेला असेल तर ते धरायचं असतं. "जुने कागद आहेत का काही?"

आईकडे होते. बाबा परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, आणि कागद जपून ठेवणं हा त्या पिढीचा धर्मच. आईने गोदरेजचं कपाट उघडलं, शालूखालून एक खाकी फाइल काढली. नाडीची. तेहतीस वर्षांत मी ती कधी पाहिली नव्हती. पहिल्या अटॅकनंतर ते म्युनिसिपालिटीच्या इस्पितळात नऊ दिवस होते, वाचले, घरी आले, कामावरही गेले. दुसरा आठ महिन्यांनी आला, तो सरळ नेणारा.

फाइलीत पहिल्या वेळचे कागद. ईसीजीच्या पट्ट्या पिवळ्या पडून रेघा पुसट झालेल्या. आणि एका फुलस्केपवर, निळ्या शाईत, कुणा निवासी डॉक्टरच्या घाईच्या अक्षरात तीन दिवसांचे आकडे एकाखाली एक. एसजीओटी ४८. एसजीओटी १६२. एसजीओटी ९०.

मी आईला म्हटलं, "अगं, बाबांची लिव्हरची टेस्ट कशाला केली होती?" आईला काय माहीत असणार. ती म्हणाली, "रोज रक्त न्यायचे. हार्टचं म्हणायचे."

ते हार्टचंच होतं. हे मला त्या दिवशी रात्री समजलं आणि मी नवऱ्याला उठवून सांगितलं, तो बिचारा कूस बदलून झोपला. एसजीओटी नुसतं लिव्हरमध्ये नसतं. हृदयाच्या स्नायूत असतं, हातापायांच्या स्नायूंत असतं, तांबड्या पेशींत असतं. १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की हार्ट अटॅकनंतर ते रक्तात वाढतं. हार्ट अटॅक रक्तातून ओळखायची ती पहिली खूण. काही तासांत चढायला लागतं, एक-दीड दिवसात टोक गाठतं आणि तीन-चार दिवसांत उतरतं. ४८, १६२, ९०. बाबांचं हृदय मरगळत असताना कुणीतरी निळ्या शाईने ते टिपत होतं. पुढे ट्रोपोनिन या स्नायूतल्या प्रथिनाची तपासणी आली, जी हृदयाच्या बाबतीत कितीतरी नेमकी, आणि एसजीओटी हार्टच्या कागदावरून उठून लिव्हरच्या रकान्यात जाऊन बसलं. माझ्या आणि बाबांच्या रिपोर्टवर एकच अक्षरं होती, फक्त मथळा बदललेला.

(जाता जाता: जिममध्ये जोर काढून किंवा लांब पल्ल्याचं पळून आल्यावर दुसऱ्या दिवशी रक्त देऊ नका. स्नायूंमधून हेच एसजीओटी बाहेर येतं आणि लोक लिव्हरच्या नावाने घाबरतात. आमच्या ऑफिसातला एक मुलगा जानेवारीतल्या मॅरेथॉननंतर असाच आठवडाभर घामाघूम झाला होता.)

फाइल पाहिल्यावर बाईंनी कॅल्शियम स्कोअर सांगितला. हा हृदयाचा साधा सीटी स्कॅन. इंजेक्शन नाही, डाय नाही. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम जमलं असेल तर मोजतात. आत जाण्याआधी तिथल्या मुलीने फॉर्म पुढे केला, "प्रेग्नंट आहात का?" पाळीचा हिशेब वर्षभरापासून बिघडलेला, त्यामुळे मला उत्तर द्यायला दारूच्या प्रश्नापेक्षा जास्त वेळ लागला. छातीवर तीन चिकट बटणं, थंडगार खोली, वरून आवाज, "सास रोकिये". दहा सेकंद. "छोड दीजिये." एवढंच. बाहेर नवरा चहाचा कागदी कप घेऊन उभा होता, तो म्हणाला, "झालं पण?"

स्कोअर ११. मोठ्या आकड्यांच्या मानाने काहीच नाही. चारशेच्या वर गेला की काळजीचं, हे मी वाचून ठेवलं होतं, म्हणून मी पेढे वाटायच्या बेतात. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "४८ व्या वर्षी बाईच्या ठिकाणी बहुतेक वेळा शून्य असतं." ज्या वयात मी बाबांचं नाव काढलं की घरच्यांना रडू येतं म्हणून विषय बदलत होते, त्या वयात माझ्या वाहिन्यांत तो पांढरा ठिपका बसायला सुरुवात झाली असेल. असेल, म्हणते. कधी बसला ते कोण सांगणार.

रोसुवास्टॅटिन १० मिलिग्रॅम, रात्री एक. ही स्टॅटिन प्रकारातली, कोलेस्टेरॉल कमी करायची गोळी. आणि इथे मी अडून बसले. जाऊबाईंनी फोनवर सांगितलं होतं की कोलेस्टेरॉलच्या गोळीने लिव्हर जातं. ज्या बाईचं लिव्हर आधीच वर्तमानपत्रात आल्यासारखं गाजतंय, तिने ही गोळी कशी घ्यायची? बाईंनी शांतपणे सांगितलं की फॅटी लिव्हर असलेल्यांनाच स्टॅटिनची गरज जास्त पडते, एन्झाइम थोडी वर गेली तरी सहसा आपोआप बसतात, मर्यादेच्या तिपटीच्या वर गेली तर विचार करायचा. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०१२ साली स्टॅटिन घेणाऱ्यांची लिव्हर तपासणी ठराविक काळाने करत राहायची अटच काढून टाकली. मी गोळी सुरू केली. जाऊबाईंना सांगितलं नाही.

सासूबाईंचा आक्षेप वेगळा होता. "ही कुठे जाड आहे?" आणि त्यांच्या डोळ्यांना मी नव्हतेच. आमच्या बिल्डिंगच्या मानाने मी सडपातळ. यावर मला पुण्याच्या डॉक्टर चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट कामाला आली. त्यांचा आणि त्यांच्या इंग्लिश सहकाऱ्याचा, डॉक्टर युडकिन यांचा, एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. आणि शरीरातली चरबी? युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आपल्या लोकांच्या अंगावर मांस कमी आणि पोटात चरबी जास्त, दिसायला बारीक तरीही. सासूबाईंनी मोबाइलवर तो फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "दोघंही चांगल्या घरचे दिसतात."

आता खाण्याचं. आहारतज्ज्ञ मुलीने माझ्याकडून आठवड्याचं सगळं लिहून घेतलं तेव्हा मला वाटलं होतं, ही माझं कौतुक करणार. बाहेरचं खाणं नाही, मांसाहार रविवारी, तळण सणासुदीला. मग तिने उपास विचारले. सोमवार, चतुर्थी, एकादशी. सोमवारी काय? सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ. डब्यात बटाट्याची भाजी आणि राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी केळं आणि चिकूचा मिल्कशेक, अशक्तपणा नको म्हणून. तिने पेन खाली ठेवलं. "ताई, उपास करा, पण उपासाचं खाऊ नका." साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि जास्तीच्या साखरेची चरबी करायचं काम लिव्हरच करतं. मी महिन्यातले सात-आठ दिवस देवाच्या नावाने लिव्हरला ओव्हरटाइम लावत होते. वर ऑफिसातले पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे. आणि आठ बाराच्या लोकलमधला आमचा ग्रुप, जिथे रोज कुणाचा तरी वाढदिवस, कुणाच्या तरी मुलाचा रिझल्ट, आणि फरसाणाची पिशवी माझ्या मांडीवर, कारण मी मधोमध बसते.

वजनाच्या पाच टक्के कमी झाले तरी लिव्हरमधली चरबी उतरायला लागते, सात ते दहा टक्क्यांत सूजही. माझ्यासाठी म्हणजे साडेचार ते सहा किलो. संभाजी मैदानाला सकाळी फेऱ्या, पावसाळ्यात बिल्डिंगचे जिने. चहातली साखर आधी दीड चमचा, मग एक, मग अर्धा. अर्ध्यावरून शून्यावर मी अजून गेलेली नाही आणि जायचा विचारही नाही. सोमवारी आता ताक, एखादं फळ आणि मूठभर दाणे. पहिल्या दोन सोमवारी डोकं इतकं दुखलं की मी लोकलमध्ये एकीशी भांडले.

सात महिन्यांनी वजन ५९. जीजीटी ४३, एसजीपीटी २९, एलडीएल ७४, ट्रायग्लिसराइड १४८. एचडीएल ३८ चं ४०, म्हणजे तिथे देवाने हात आखडता घेतला. ४३ अजूनही रेषेच्या वरच. बाईंनी त्याच पाकिटाच्या मागे पेन्सिलीने तो आकडा लिहिला. पहिल्यांदाच रेघ खाली वळली होती. विमा कंपनीला नवे रिपोर्ट पाठवले. उत्तर आलं की फेरविचार पॉलिसीला दोन वर्षं झाल्यावर. हप्ता २५ टक्के जास्तच भरते आहे.

मधे धाकट्या भावाला फोन केला. तो दादरला राहतो, वय ४४, बांबूसारखा, पँट नेहमी पट्ट्याने आवळलेली. सहा वेळा सांगितल्यावर त्याने रक्त दिलं. जीजीटी ६९. "काही नाही गं, मागच्या आठवड्यात पार्टी होती," तो म्हणाला. असेलही. त्याच्या बाबतीत दारूचं निमित्त खरं आहे, म्हणूनच मला जास्त भीती वाटते, कारण त्या निमित्तामागे बाकीचं सगळं सुखाने लपतं. त्याला सांगितलंय, पुढच्या गुरुवारी घाटकोपरला साडेसहाची वेळ घेतली आहे, यायचं म्हणजे यायचं, आणि कंबर मोजून घ्यायची. बाबांची फाइल काल त्याच्याकडे दिली. प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, कारण पाऊस चालू आहे आणि ती निळी शाई पाण्यात टिकणारी नाही.